पाचवी

सांबऱ्याच्या विमानतळावर, पडद्याआड,
बायकांच्या अंगावरून हात फिरवायची माझी नोकरी.
कै एत्री, हात वर करा.
दोन्ही भाषांत बाई सारखीच उभी राहते,
जोंधळ्यातल्या बुजगावण्यागत.

नियम साधा आहे. दर पाचवीची पूर्ण झडती,
बाकीच्यांची यंत्र ओरडलं तर.
हिरेमठ साहेबांनी तो पाटीवर लिहून दिलाय.
पण मोजायला बोटं माझी,
आणि बोटं कुणाला बघून मोजतात
ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

बुरखा आला की तिसरीचीही पाचवी होते.
कोपरापर्यंत बांगड्या चढवलेली लमाणीण,
सौंदत्तीहून कपाळभर भंडारा लावून थेट आलेली,
सगळ्या पाचव्या.
आणि मंद अत्तराची, घाईतली, 'मॅम' म्हणणारी
कधीच पाचवी नसते.

त्या मंगळवारी जुलेखाबी सनदी आली, बिडीहून,
लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला निघालेली.
रांगेत दुसरी.
डब्यात कुंदा.
यंत्राच्या पडद्यावर कुंदा नारिंगी गोळा दिसतो,
नको त्या वस्तूसारखा.
मी चमच्यानं तळापर्यंत खणला.
गुडघ्यातली सळई ओरडली तेव्हा
तिनं न मागता दवाखान्याचा कागद काढला,
घडीवर फाटत आलेला.
कागदावर सनदी, तिकिटावर संडी.
कानडीतून इंग्रजीत जाताना कुणाच्या तरी
टेबलावर एक अक्षर सांडलेलं.
'दरवेळचंच हाय, बेटी,' ती म्हणाली.
अकरा मिनिटं गेली.

मागं रांग तुंबली, म्हणून पुढच्या दोघींना
भराभर सोडलं. त्यांच्यामागं राखी कोटातली एक.
हसली, थँक यू म्हणाली.
माझा हात तिच्या पाठीवर अर्ध्यातच थांबला,
चांगल्या कापडाला चुरगळू नये म्हणून.

दिल्लीहून आलेली तपासनीस होती ती.
अस्तरात साबणाएवढी नकली वडी शिवलेली.

'याक बिट्टी?' साहेबांनी विचारलं.
ती पाचवी नव्हती सर, मी म्हटलं.
रात्री बाळेकुंद्रीला, ताटावर बसून परत मोजलं.
लमाणीण, जुलेखाबी, शाळकरी पोर, तिची आई.
मग राखी कोट.
भाकरी तशीच राहिली.

आता खिशात पाच चिंचोके असतात.
बाई आली की एक उजवीकडून डावीकडं.
तोंडाकडं बघत नाही, बघितलं तरी
चिंचोका हलत नाही.
गेल्या आठवड्यात त्यांनी आमच्या सरपंचीणबाईंची
पिशवी उपसायला लावली. त्या अजून बोलत नाहीत.

काल जुलेखाबी परत आली, नातवाच्या बारशाला निघालेली.
चिंचोक्यानं तिला तिसरी म्हटलं.
सळईनं नाही म्हटलं.
पडदा ओढला, तोंड उघडलं,
कै एत्री म्हणणार,
तर तिचे हात आधीच वर होते.