डब्बा कोनाचा

चक्कीवर नाव लिवायची रीत नाई आमच्या.
डब्बा पायला का मानूस समजते.
कोपऱ्याले पोचा, तो भगतांचा.
डालड्याचा जुना हिरवा, तो सखूबाई ढोकेचा.
कडीले लाल चिंधी, म्हंजे घोंगडे मास्तर.
एकवीस वर्सं मी असंच दळलं.

मंग एका दिवशी
डब्बे नुसते डब्बे झाले.

कसं सांगू. दुखत काई नव्हतं.
डोक्यातला पट्टा कोनी सैल करून ठेवला होता,
मोटर फिरे, जातं फिरे ना.
शब्द दाराशी येऊन उभा राहे,
चप्पल काढत बसे, आत येत नसे.
"अवं ते आन ना, ते... ज्यानं चाळतात..."
"चाळनी?" पोरगी म्हने.
हाव. तेच.
घरात जायची, उभी रायची, परत यायची,
आन चक्कीपाशी आली का आठवे: मीठ.
रातभर झोपली तरी सकाळी
गाळातून उपसल्यावानी उठायची.
साडेचार किलोचे किती?
बोटं मोजता मोजता
कोनतं बोट मोजलं तेच इसरायची.

पिठाची मले सवय हाये,
भुवयांवर, पापन्यांवर, पदरात.
हे पीठ आतून बसलं होतं.
झटकाव कुठून?

शिवरात्रीच्या आदल्या सांजेले
अनुसयाबाई खडतकरची भगर होती दळाले.
मी तिच्या डब्ब्यात ज्वारीचं पीठ भरलं.
तिनं थापलं, भाजलं, खाल्लं,
आन दुसऱ्या घासाले समजलं.
साठ वर्साचा उपास मोडला बाईचा.
ती भांडली असती तं बरं झालं असतं.
चक्कीच्या दारात उभी राहून
हळूच इचारलं तिनं,
"पंचफुला, तू बरी हायेस ना वं?"

तवा गेली उपकेंद्रात.
टेकाम सिस्टरनं पापनी खाली ओढली.
आत लाल पायजे तिथं मैदा.
"सकाळपासून काय खाल्लं?"
चहा.
"आन?"
चहा.
"दुपारी?"
टोस्ट. चहात बुडवून.
तिनं पेन खाली ठेवला.
"साऱ्या गावाची भाकरी तुह्या हातून जाते,
आन तू बेकरीचं खाते?"

दारव्ह्याले रक्त तपासलं. आठाच्या जरा वर.
गोळ्या भेटल्या, वर ताकीद:
"चहासंगं घेशीन तं नालीत टाकल्यावानी होईन.
लिंबू पिळ. पानी पे. जेव, बाई, जेव."

जवस चक्कीत टाकत नाई मी, दगडाले तेल धरते.
म्हून खलबत्ता काढला वरून, धूळ पुसली,
भाजलेलं जवस, लसन, मिरची,
कुटता कुटता वास आला
आन किती दिवसानं भूक लागली, खरी, पोटातली.
ज्वारीची भाकरी, त्यावर तेलाची धार.
अंबाडीची आंबट भाजी, कन्या घालून.
कोंबडी माह्या घरची, अंडी इकायची मी,
आता एक ठेवतो मांगं, कोनाले सांगत नाई.
चहा सोडला म्हनलं तं खोटं होईन.
सकाळचा एक हाये. तो हाये.

लगेच काई झालं नाई.
आठ दिवस तोंडाले लोखंडाची चव,
दहाव्या दिवशी पुन्हा मिठासाठी गेलती आन हळद आनली.
सिस्टर म्हने, धीर धर, रिकामं कोठार एका पोत्यानं भरते का?

मंग तिसऱ्या महिन्यात, मंगळवारी,
पाठमोरी होती, पट्ट्याले राळ लावत होती,
मांगं डब्बा टेकला. कडी वाजली, चिंधीमुळं जरा मुकी.
"मास्तर," म्हनलं, "आज लवकर?"
"हो," तो म्हनला, जसं काई झालंच नाई.
मले मात्र मोटर बंद करून बसा लागलं थोडा वेळ.

त्याच्या मांगचा डब्बा कोनाचा
ते नाई आठवलं.
तोंडाले पदर लावून
अंदाजानं नाव घ्यायची मी पैले.
आता इचारलं सरळ. पोरानं सांगतलं. झालं.

अनुसयाबाई अजूक येते.
तिच्या डब्ब्यावर आता नातवानं
पांढऱ्या रंगानं, बोटभर जाड अक्षरात लिवलं हाये:
अनुसया. भगर. उपासाची.
ती डब्बा ठेवते, अक्षरं माह्याकडं करते,
आन काई न बोलता
लसनाची एक पेंडी
काट्यावर ठेवून जाते.