मिनिटाला सतरा

आमच्या न्हाणीत आता कोणी न्हात नाही.
तिथं पिंप आहे, निळं, चाळीस लिटरचं,
माझ्या बाळंतपणातल्या गोधडीत गुंडाळलेलं,
आणि समोर स्टुलावर आमचे हे,
हातात घड्याळ.
"मिनिटाला सतरा," म्हणतात.
बुडबुडे.
काल एकोणीस होते.
मी म्हटलं, दोन कुठं गेले ते शोधा,
तोवर मी गंगव्वाकडं आंघोळ करून येते.

उद्यमबागेत दिवसभर लेथवर
केसाएवढा फरक चालत नाही यांना.
तोच रोग घरी आणला.
बुधवारी पोरीला ताप भरला,
कपाळाला हात लावून बसले रात्रभर.
दर तासाला मोजून सांगत होते,
"अडतीस पूर्णांक चार.
यीस्ट असतं तर वाया गेलं असतं."

सासूबाईंनी उभा जन्म सोवळं पाळलं,
ते या पिंपापुढं काहीच नाही.
नळी उकळायची, चमचा उकळायचा,
चमचा काढायचा चिमटा उकळायचा,
आणि कोणी उंबऱ्याशी आलं की, "शिवू नको!"
म्हातारीचे डोळे भरून आले.
"शेवटी माझ्या वळणावर गेला."
आत काय आहे ते तिला सांगितलेलं नाही.
जवाचा काढा, एवढंच.
रोज विचारते, कधी होणार रे माझा काढा?

यीस्टला हे माझ्यापुढं विरजण म्हणतात,
मला कळावं म्हणून.
फ्रिजात बाटली असते, वर तारीख, वर "पिढी चौथी".
(आमच्या घराण्याची अजून तिसरीच चालू आहे.)
गंगव्वा वाटी घेऊन आली,
"अक्का, स्वल्प हेप्पु कोड्री."
घाईत मी तीच बाटली ओतली.
सकाळी तिचं दूध दूधच राहिलं,
वास मात्र बेकरीचा.
हे दोन दिवस जेवले नाहीत.
चौथी पिढी गेली म्हणे, ऐन तारुण्यात.

समोरचे तल्लूरमामा अबकारीतून रिटायर.
एका संध्याकाळी वासामागं वास काढत
थेट दारात उभे.
हे पांढरे फटक.
मामा काही न बोलता न्हाणीत शिरले,
गुडघे कटकट वाजवत खाली बसले,
पिंपाला कान लावला.
बराच वेळ.
"चौदा," म्हणाले. "गारठलंय ते. अजून एक गोधडी घाला.
तीस वर्षं पिंपं फोडली मी,
आत काय म्हणतंय ते कधी ऐकलंच नाही."
आता रात्री दहाला त्यांचा फोन येतो.
हॅलो नाही, काही नाही.
"किती?"

लेबलावरून मात्र महिना गेला.
परशराम म्हणाला मराठीत,
बसवराज म्हणाला कन्नडात,
कॅम्पातला फ्रान्सिस म्हणाला, आधी बाटल्या तरी धुवा.
शेवटी निम्म्या अशा, निम्म्या तशा.
रात्री दोन वाजता कपाटात नऊ बाटल्या फुटल्या.
मराठी किती, कन्नड किती,
ते काचांवरून काही कळेना.

उरलेल्या तीन रविवारी उघडल्या.
पाच माणसं, वाटी-वाटीभर.
कोणी बोलेना.
मग फ्रान्सिस हळूच म्हणाला, "केळं."
"आणि ओलं पोतं," बसवराज.
मामांनी डोळे मिटून निकाल दिला,
"मधे कधीतरी उष्णता चढली.
बुधवारी किती होते?"
हे खाली बघत म्हणाले, बुधवारी पोरीजवळ होतो,
कोणी मोजलेच नाहीत.

बावीस होते.
दूध झाकायला उठले होते मी, तेव्हा सहज,
मग खात्रीसाठी पुन्हा एकदा.
बावीसच.
सांगितलं नाही.
सांगितलं तर ते स्टूल
माझ्या गळ्यात पडेल.