रफार

उंटवाडीच्या पुलावरची पाटी.
खैरनार साहेबांनी चौघडी कागद हातात ठेवला:
निळ्यावर पांढरं, अक्षर नऊ इंची,
नंदिनी.
म्हटलं, आणि आधीचं नाव?
म्हणाले, इसाकभाई, त्यात नासणं ऐकू येतं.

आधीचंही मीच लिहिलं होतं.
बावीस वर्षं झाली. कौतिक शिडी धरून उभा,
खाली पाणी होतं की फेस, आता आठवत नाही.
नासर्डी.
तीनच अक्षरं, पण शेवटच्यावर रफार.
रफार काढताना मनगट सैल सोडावं लागतं,
कोयता फिरवल्यासारखं, एका दमात.
मध्ये थांबलात
की तो रफार राहत नाही, माशी होते.

पहिला हात वाळेस्तोवर
कठड्याला टेकून बसलो.

एकदा बेळगाव ढग्याकडे गेलो होतो,
शाळेच्या भिंतीवर बाराखडी लिहायला.
डोंगराच्या काखेतून बोटभर रेघ येत होती,
खडकाखाली जायची, पुन्हा निघायची.
शेळ्यांमागच्या पोराला विचारलं, हिचं नाव काय रे?
तो म्हणाला, पाणी.

सातपूरला कंपनीच्या मागच्या गेटावर
माझ्याच हातचं अजून आहे,
नाल्यात कचरा टाकू नये.
नाला म्हणजे हीच.
मुंबई नाक्याला रिक्षावाले तिला काहीच म्हणत नाहीत,
नुसता रुमाल लावतात
नाकाला.
(या गावाचं नावच नाकावरून पडलं, असं सांगतात.)

आणि टाकळीला ठकूबाई शिरसाठ,
गुडघाभर पाण्यात, गोधडी आपटत:
या अंगाची नासर्डी, त्या अंगाची गंगा.
गोदावरी? ते पोथीत, बाबा.
खरंच, इथे कोण म्हणतं गोदावरी?
माझी अम्मीसुद्धा पावसाळ्यात
चौक मंडईच्या खिडकीतून ओरडायची,
गंगेला पाणी चढलंय,
दुतोंड्याच्या कुठवर आलं, बघून ये.
मी पळायचो. मारुतीच्या कमरेला, छातीला,
परत येऊन आकडा सांगायचो
आणि ती त्या हिशोबाने पीठ दळून ठेवायची.

दुसरा हात दिला. बिल निघालं. फोटोही काढला कुणीतरी.

मग एक वैशाख गेला, दुसरा आला,
आणि निळ्याखालून जुना पांढरा वर येऊ लागला.
ना नाही, स नाही, ड नाही.
फक्त रफार.
तो बसला होता तिसऱ्या अक्षराच्या डोक्यावर,
आणि तिसरं अक्षर आता नी.
नंदिर्नी!
कॉलेजची पोरं गाडी थांबवून वाचायची,
जीभ अडकायची, हसायची.
कुणालाच नीट म्हणता येईना असं नाव
नदीला पहिल्यांदाच पडलं होतं.

खैरनार साहेब तापले.
हे काय आहे?
मी म्हणालो, साहेब, र आहे. अर्धा.
त्याला स्वतःचे पाय नसतात,
दुसऱ्याच्या डोक्यावर बसून जातो.

त्यांना सांगितलं नाही ते असं,
की टाकळीच्या पुढे, जिथे हिचं पाणी
त्या पाण्यात शिरतं आणि वेगळं काढता येत नाही,
तिथे पोथीतलं नाव लिहून पाहिलं मी, खडूने, घाटाच्या दगडावर.
गो. दा. व. री.
र तिथे आख्खा आहे,
वेलांटी घेऊन, पाय टेकून.
मी अक्षरांचा माणूस. नदीतलं मला
एवढंच कळतं.

तिसरा हात द्या, म्हणाले, जाड.
दिला.
कौतिकचा मुलगा शिडी धरून होता,
डबा हुंगून म्हणाला,
चाचा, टर्पेंटाइन जरा जास्त झालंय.
म्हटलं, होऊ दे.