डोकं सांभाळा

इकडून या. छत्र्या त्या पिंपात ठेवा.
तिकिटं फेकू नका, बागेच्या दारात
अबीलियु पुन्हा बघायला मागतो.
त्याला दिसत नाही फारसं, पण मागतो.

घर करड्या दगडाचं. मिन्योत सगळंच करड्या दगडाचं,
कणग्यासुद्धा.
चार पिढ्या एकाच आडनावाच्या,
पाचवीनं नगरपालिकेला विकलं.
सही करणारा आला नाही, कागद टपालानं आले.
नगरपालिकेनं आधी छप्पर बदललं,
मग मला नेमलं.

या निळ्या फरशा एक हजार एकशे चौदा.
मोजल्यात मी, हिवाळ्यातल्या ओल्या मंगळवारी,
कुणी येत नाही तेव्हा.
शिकारीच्या या चित्रात एका कुत्र्याला पाच पाय आहेत.
शोधा बघू.
हे मी मुलांना विचारते. आज मुलं नव्हती, तरी विचारलं.
सगळे भिंतीशी वाकले.
अर्ध्या तिकिटाचा तो उंच म्हातारा तेवढा
खिडकीतून बाहेर बघत राहिला.

जेवणघर. दोरीच्या अलीकडे थांबा.
चित्रातल्या बाईंच्या गळ्यातला हार
चित्रकारानं आठवणीवरून काढला,
खरा तोवर गहाण पडला होता.
(इथे हसतात. हसले.)

आता स्वयंपाकघर. चौकट ठेंगणी आहे,
डोकं...
म्हणेपर्यंत तो वाकलाही होता,
हवं तेवढंच, बोटभरही जास्त नाही,
आणि अंधारात डावा हात घालून
कपाटामागचं बटण त्यानं दाबलं.

माझी आई या चुलीपुढे अठरा वर्षं उभी होती.
हे मी फेरीत सांगत नाही.
रात्री ती मक्याच्या पावाचा एक तुकडा
फडक्याखाली झाकून ठेवायची.
मी विचारलं तर म्हणायची, उंदरांना.
वरच्या मजल्यावरून अनवाणी उतरणारा उंदीर
मी एकदाच पाहिला, टेबलाखालून.

एरवी इथे दहा मिनिटं बोलते.
आज म्हटलं, ही चूल.
आणि पुढे काही सुचेना.

बागेत कॅमेलिया ऐन भरात.
पाकळी पाकळी झडत नाही हे झाड,
अख्खं फूल पडतं, ताजं, धप्प करून.
तोडू नका. पडलेलं घेतलं तर चालतं.
दारात अबीलियुनं तिकीट डोळ्यांशी धरलं.
'अर्धं कसं?'
'वय झालं.'
'माझंही झालंय,' म्हणाला,
आणि कोपरा फाडून परत दिला.

मुरंबा बाहेर मिळतो, मोड सुटे आणा.

पाच वाजता फाटक लावलं.
अकरा आत आले होते, दहा गेले.
पुन्हा मोजले नाहीत.
पिंपात एक छत्री, काळी, मुठीला भेग गेलेली.
नोंदवहीत लिहिलं:
स्वयंपाकघरातला दिवा
आज चालू राहिला आहे.