हेल्गीला विचारा

सकाळचे सात. नदीवर अजून काळोख,
आणि मी चौथ्या मजल्यावर रवा शिजवते आहे.
रवा, यीस्ट, काकवी, अगार,
वीस लिटरचं पातेलं, लाकडी उलथनं.
वास जिन्यापर्यंत जातो.
नवी मुलं पहिल्या दिवशी हमखास विचारतात,
नाश्त्याला काय आहे?
तुम्हाला काही नाही, मी म्हणते. माशांना आहे.

माशा मारत बसणं कसं असतं, मला ठाऊक नाही.
मी त्या जगवत बसते.
सहाशे बारा वाण. प्रत्येकाच्या दोन कुप्या,
तोंडाला कापसाचा बोळा.
जुनी कुपी टेबलावर दोनदा आपटायची
(तिसऱ्यांदा आपटली की खालचं अन्न सुटतं),
बोळा काढायचा, नवीवर पालथी धरायची,
आणि एका श्वासात अख्खं कुटुंब घर बदलतं.
यांना गोठवून ठेवता येत नाही,
बियाण्यासारखं डब्यात भरून विसरता येत नाही.
दर चौथ्या सोमवारी कुणीतरी यावंच लागतं.
बर्फ असो, ताप असो, नवरा गेलेला असो.

कास्परच्या प्रबंधात शेवटच्या पानावर माझे आभार आहेत.
माझ्यानंतर त्याचा कुत्रा.
कुत्र्याच्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे.

चौदाव्या ट्रेमध्ये, डाव्या कोपऱ्यात,
एक कुपी आहे जिच्यावर वाणाचं नाव नाही.
सातच्या आकड्याला कंबरपट्टा घालणाऱ्या अक्षरात
फक्त तारीख, सात मे एक्याण्णव,
आणि खाली: टाकू नका. हेल्गीला विचारा.
आत जर्दाळूच्या डोळ्यांच्या माशा,
उजवा पंख किंचित मुडपलेला, जसा घाईत घातलेला कोट.
कुठल्या प्रयोगातल्या, वहीत नाही.
चारशे पिढ्या झाल्या असतील. मी लेबल उतरवत आले.

नोव्हेंबरात अनुदान संपलं.
इंद्रेक तक्त्याकडे बघत म्हणाला,
नाताळपर्यंत दोनशेवर आणू या, मारेत.
आणू या म्हणजे तू आण.
मी आणले.
रोज वीस-पंचवीस ट्रेमधून काढायचे, रात्रभर फ्रीझर, सकाळी वाफेचं यंत्र.
रडले वगैरे नाही. कुप्या मात्र स्वतः घासल्या.

एल्वाच्या वृद्धाश्रमात हेल्गी खिडकीशी होती.
मला तिने आधी परिचारिका समजून पाय पुढे केले.
मोजे नीट करून मग मी विचारलं:
जर्दाळू डोळे, मुडपलेला पंख, एक्याण्णवचा मे?
ती बराच वेळ बाहेरच्या पाइन झाडांकडे बघत राहिली.
मग एकदम वळून, माझं मनगट धरून:
रवा आधी गार पाण्यात कालवतेस ना?
उकळत्यात टाकलास तर गुठळ्या होतात,
गुठळीत अळी अडकते.
कालवते, मी म्हटलं.
आणि काकवी?
विस्तव बारीक केल्यावर.
हं, म्हणाली, आणि मनगट सोडलं,
जसं परीक्षक कागद परत देतो.
माशांबद्दल पुढे काही बोलली नाही.
निघताना मला माझंच सफरचंद दिलं.

परतीच्या गाडीत मी ते खाल्लं.
दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

चारशे अकरा गेले. हिशेब इंद्रेकने तपासला नाही.
यादीत दोनशे आहेत,
ट्रेमध्ये दोनशे एक.
जुनं लेबल फिकं झालं होतं,
हेल्गीचा ह तेवढा उरला होता, तोही अर्धा.
न पुसणाऱ्या पेनाने मी नवं लिहिलं:
तारीख तीच. सातला कंबरपट्टा.
टाकू नका. मारेतला विचारा.

विचारलंच कुणी कधी,
तर रवा कसा कालवायचा, ते सांगेन.