समोरचं निपल आधी काढ

सकाळी सहाला हडपसरच्या हँगरचा पत्रा अजून गार असतो.
हांडेवाडी रस्त्यानं भाजीचे टेंपो जातात,
आणि तांबोळी मास्तर
कानावर पेन्सिल खोचून विमानाच्या नाकासमोर उभे.

"किल्ली खिशात घेतली?"
हाच त्यांचा नमस्कार.
बंद असला तरी पंखा जिवंत समजायचा.
झोपलेल्या बैलामागून जातो का आपण, तसं.

पात्याच्या मुळाशी दोन निपलं.
एकातून ग्रीस भरायचं,
समोरचं आधी काढून ठेवायचं.
बाहेर यायला वाट नसली तर आतलं सील फाटतं
आणि ते फाटल्याचं कळतं
वर, दिवे घाटावर.

मी हातपंप दाबते. हळू.
एक.
दोन.
तिसऱ्याला समोरून जुनं ग्रीस डोकावतं,
भरलं तेव्हा लालभडक होतं.

"रंग सांग."
राखाडी, मास्तर. ताकासारखं फुटलेलं.
ते बोटावर घेतात, अंगठ्यानं चोळतात, वास घेतात.
"पाणी शिरलंय."

आमच्या रसवंतीच्या चरकात तेल सोडताना
बापही असाच बोटाचा वास घ्यायचा.
मला ती नुसती खोड वाटायची.

आठ वाजता कॅप्टन सबनीस येतात, घड्याळ बघतात.
एक चक्कर तरी?
मास्तर उत्तर देत नाहीत.
फडक्यानं पातं पुसतात, मग काठावरून नख फिरवतात
टोकापासून मुळाकडे,
निवडणाऱ्या बाईनं तांदळातून फिरवावं तसं.
एका जागी नख अडकतं.
बाजरीएवढी खोच.
"आज नाही, साहेब."

गेल्या पावसाळ्यापर्यंत ते रंग विचारत नव्हते.
नखानं शोधण्याआधी
त्यांना लांबूनच दिसायचं सगळं.
मी कुणाला बोलले नाही.
त्यांनीही मला विचारलं नाही, कळलं का म्हणून.

लॉगबुक माझ्याकडे सरकवतात.
"लायसन आलंय ना तुझं? कर सही. आणि वाचून दाखव."
मी वाचते. तारीख, तास, ग्रीस कुठलं,
पाण्याबद्दल, खोचेबद्दल.
'खोच'पाशी ते मान हलवतात.

संध्याकाळी भुशानं हात घासले तरी
नखांत लाल रेघ उरतेच.
मास्तर सायकल हातात धरून चालत निघालेत,
हल्ली चालतच जातात.
फाटकापासून ओरडतात,
"समोरचं निपल परत बसवलंस?"

बसवलं, मी ओरडते.
ते वळेपर्यंत थांबते
आणि आत जाऊन पुन्हा बघते.