खडा

तिबिलिसीच्या इस्पितळात
छोट्या बरणीत घालून दिला त्यांनी तो,
मसुराएवढा, मातकट.
सोबत तीन पानी बिल,
कडबोळ्यांसारखी अक्षरं,
कळला तो फक्त आकडा.

घणसोलीच्या ट्रॅव्हलवाल्याला हेच म्हणाले होते,
'आठ दिवसांत काय होतंय? विमा गाळा.'
अठराशे वाचले
म्हणून खाली उतरून
डोसे खाल्ले आम्ही, दोन-दोन.

पैसे शेवटी सुहृदने भरले, इथूनच, रात्री दोनला.
जावई. लग्नाला पाच महिने.
'राहू द्या हो आई,' म्हणाला.
तेव्हापासून हे
त्याचा फोन उभ्याने घेतात.

आज नौपाड्यात सराफाने
पाटल्या काट्यावर ठेवल्या,
घट सांगितली,
मी हो म्हटलं.
पिशवी आवरताना बरणी घरंगळली काचेवर,
तपासायला द्यायची राहिलेली.

'हा कसला खडा, वहिनी?'
भिंग डोळ्याला लावलेलंच होतं त्याने.
'बाहेरचा आहे,' मी म्हटलं,
'ह्यांना लाभला नाही.'
त्याने तो उजेडात धरला,
दोनदा फिरवला,
आणि गंभीरपणे मान हलवली.

दाराबाहेर, चपलांपाशी,
हे फोनवर.
उभे.